सृष्टीच्या अंगणांत : एका पिकाएवढें आयुष्य

गेल्या अंकीं या सदरांत आम्ही पोंवळ्यांविषयीं लिहिलें. ते चिमुकले जीव आपल्या अंगांतून चुना पाझरवून भर समुद्रांत भिंती कशा उभारतात आणि त्या भिंतींवर पुढें बेटें कशीं जन्मास येतात, हें वाचून परभणी जिल्ह्यांतील गंगाखेडहून एका भगिनींनीं पत्र पाठविलें आहे. "घर बांधणारांची हकीकत झाली, आतां त्या घरांत बिऱ्हाड करून राहणारांची केव्हां सांगणार?" असा त्यांचा प्रश्न आहे. पुढें त्या लिहितात कीं, त्यांच्या सोंवळ्याच्या स्वयंपाकघरांत मासळीचें नांव काढण्याची सोय नाहीं. परंतु गोदेच्या घाटावर पायरीशीं खेळणारे मासे पाहावयास आणि त्यांस कणकेच्या गोळ्या घालावयास कोणाचीच हरकत नसते, तेव्हां आम्हीं लिहितांना उगीच संकोच धरूं नये.

संकोच धरण्याचें कारण नाहींच. ज्या घरांतून मुलांस कॉडलिव्हरचें तेल 'औषध' म्हणून बिनबोभाट पाजलें गेलें, त्या घरांस माशाच्या नुसत्या हकीकतीचा विटाळ होण्याची भीति आम्हांस वाटत नाहीं. अडचण आहे ती निराळीच. पोंवळ्यांच्या घरांतील बिऱ्हाडकरूंची यादी करूं लागल्यास हें मासिक वर्षभर पुरावयाचें नाहीं. म्हणून त्यांतील एकच आणि तेंही अगदीं लहानांपैकीं एक बिऱ्हाड आम्हीं निवडलें आहे. त्याची कोणी चित्रें काढीत नाहीं, कांचेच्या पेटींत कोणी त्याला ठेवीत नाहीं. पण एका बेटावरील माणसांची भाकरी मात्र त्याच्यावर शेंकडों वर्षें अवलंबून राहिली आहे.

गंगाखेडच्या घाटापासून कोंकणचा किनारा सुमारें चारशें किलोमीटर दूर. आपणांस जावयाचें आहे तें त्याहूनही पुष्कळ दूर, दक्षिणेस बाराशें किलोमीटरांच्या पलीकडे. अरबी समुद्रांत केरळच्या पश्चिमेस लक्षद्वीप नांवाचा छत्तीस बेटांचा पुंजका आहे. त्या साऱ्यांची जमीन मिळून अवघी बत्तीस चौरस किलोमीटर भरते आणि वस्ती दहा बेटांवरच आहे. त्यांपैकीं अगदीं दक्षिणेचें बेट मिनिकॉय. बेट कसलें, पोंवळ्यांच्या भिंतीवर सांचलेली वाळूची एक लांबट पट्टी. तिच्या एका अंगास खुला, निळाकाळा, अथांग समुद्र. दुसऱ्या अंगास भिंतीनें वेढलेलें उथळ, निवांत, हिरवट निळें पाणी. भूगोलाच्या पुस्तकांत अशा पाण्याला लगून म्हणतात. आपण त्याला पोंवळ्यांचें अंगण म्हणूं.

या अंगणांत सकाळच्या उन्हांत पाण्याकडे तिरपें पाहिलें असतां क्षणभर एखादा चांदीचा पदर हलल्यासारखा दिसतो आणि लगेच नाहींसा होतो. ती होंदेली. मिनिकॉयच्या लोकांनीं तिला दिलेलें हें नांव. पुरती वाढलेली होंदेली सात सेंटिमीटरांच्या पुढें सहसा जात नाहीं, म्हणजे आपल्या करंगळीहून फारशी मोठी नव्हे. पाठ निळसर हिरवी, अंग रुपेरी, आणि शेंपटीच्या मुळाशीं काजळाच्या दोन रेघा. तिची एक चुलत बहीण त्याच पाण्यांत असते. तिच्या कुशीवर लखलखीत रुपेरी पट्टा असतो, तिला तेथें रेही म्हणतात. बेनेट नांवाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १८३२ सालीं मॉरिशसकडील नमुन्यांवरून होंदेलीचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें आणि तिला 'डेलिकॅट्युलस', म्हणजे 'नाजुकशी', असें विशेषण लाविलें. शास्त्रज्ञांनीं ठेविलेलीं नांवें पुष्कळदां रुक्ष असतात. हें मात्र नेमकें आहे. होंदेलीला हातांत घ्यावें तों तिचे खवले बोटांस चिकटून येतात आणि थोड्याच वेळांत ती मरते. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकमधील ताहितीपर्यंत जेथें जेथें उबदार, पारदर्शक पाणी आणि पोंवळ्यांच्या भिंती आहेत तेथें तेथें ती आढळते. सुएझचा कालवा झाल्यावर त्या वाटेनें कांहीं होंदेल्या भूमध्य समुद्रांतही जाऊन राहिल्या आहेत.

ही कोणाच्या गोत्रांतली ? आमच्या कोंकणांतील व गोमंतकांतील वाचकांच्या ओळखीची तारली, तिच्याहून लहान पेडवे, आणि खाडींतून नदींत चढणारा पाला हे सारे तिचे भाऊबंद. इंग्रजींत ज्यांना सार्डिन आणि हेरिंग म्हणतात त्यांचाच हा गोतावळा. अलीकडे कांहीं शास्त्रज्ञांनीं होंदेलीचें कूळ निराळें काढलें आहे, पण विभक्त झाल्यानें रक्ताचें नातें तुटत नाहीं. ज्या घरांत तारल्या साफ करतात तेथील भगिनींस ठाऊक असेल कीं, तारलीच्या पोटावरून शेंपटीकडून डोक्याकडे बोट फिरविलें असतां करवतीच्या दांत्यांसारखें कांहींतरी टोंचतें. पोटाच्या कडेनें धारदार खवल्यांची ओळच असते. होंदेलीच्या पोटास अशी करवत नाहीं. तें गोल आणि गुळगुळीत असतें. मोठ्या माशानें गिळूं नये म्हणून ज्या कुळांत निसर्गानें पोटाला दांते दिले, त्यांतल्या या धाकटीस तेवढेंही शस्त्र मिळालें नाहीं.

मग ती जगते कशी ? एक म्हणजे आरशानें. तिच्या खवल्यांखालीं ग्वानीन नांवाच्या द्रव्याचे अतिशय पातळ स्फटिक थरांनीं रचलेले असतात. त्यांवरून सभोंवारचा उजेड जसाच्या तसा परततो, त्यामुळें बाजूनें पाहणाऱ्याच्या डोळ्यांस मासा न दिसतां नुसतें पाणीच दिसतें. दुसरें म्हणजे कानानें. या साऱ्या गोत्राची एक खुबी अशी कीं, पोटांतील वाताशयापासून हवेची एक बारीक नळी थेट कानापर्यंत गेलेली असते. नगाऱ्याचें कातडें जसें आवाज वाढवितें तसा हा वाताशय पाण्यांतील कंप वाढवून कानाशीं पोंचवितो. शत्रूची चाहूल तिला लौकर लागते ती अशी. आणि तिसरें म्हणजे गर्दीनें. शेंकडों, हजारों होंदेल्या एका अंगानें वळतात, एका अंगानें थबकतात. भक्ष्यावर झडप घालणाऱ्याला त्यांतली एक कोणती हें नक्की करतां येत नाहीं आणि तो क्षण हुकतो.

स्वतः होंदेली खाते तें अन्न डोळ्यांस दिसेल न दिसेल असें असतें. समुद्राच्या पाण्यांत तरंगत राहणाऱ्या जीवांना प्लवक म्हणतात. त्यांतील झिंग्याच्या जातीचे बारीक कवचधारी जीव हें तिचें मुख्य खाणें. वाहत्या पाण्याबरोबर असे जीव भिंतीवरून अंगणांत येतात, आणि होंदेली ते टिपून खाऊन त्यांचें आपल्या अंगाच्या चांदींत रूपांतर करते. तिला पुढें भिंतीच्या फटींतले मासे, पंख पसरून वरून येणारे समुद्रपक्षी आणि बाहेरच्या निळ्या पाण्यांतील बलाढ्य शिकारी खातात. शतपथ ब्राह्मणांत मनूच्या ओंजळींत आलेल्या माशानें त्याच्याजवळ रक्षणाची याचना केली ती, मोठा मासा लहान माशास गिळतो, याच कारणावरून. मात्स्यन्याय हा शब्द आपण राजकारणांत इतका वापरून गुळगुळीत केला आहे कीं, तो मुळांत माशांविषयींचा आहे याचा विसरच पडावा.

आतां या मासळीचें खरें वैशिष्ट्य जेथें आहे तेथें येऊं. तें तिच्या अंड्यांत आहे.

भाऊबंदांनीं आपापल्या अंड्यांची सोय कशी लाविली आहे पाहा. पाला समुद्र सोडून गोड्या पाण्यांत येतो आणि नदींत अंडीं घालतो. गंगाखेडवरून वाहत जाणारी हीच गोदावरी पुढें बंगालच्या उपसागरास मिळते. तेथील मुखांतून पाला आजही वर चढतो, परंतु राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला १८५२ सालीं पुरा झालेला बंधारा त्याची वाट अडवितो. तारली नदीच्या वाटेस जात नाहीं. पावसाळ्याच्या तोंडीं ती किनाऱ्यापासून कांहीं अंतरावर उघड्या समुद्रांतच आपलीं अंडीं सोडून देते. तीं पाण्यावर तरंगत, प्रवाह नेईल तिकडे जातात. एका तारलीच्या पोटीं हजारों अंडीं असतात आणि त्यांपैकीं बहुतेक वाया जातात. ती उधळी गृहिणी आहे असें नव्हे; समुद्राशीं जुगार खेळावयाचा तर फांसे पुष्कळ टाकावे लागतात.

होंदेली यांपैकीं कांहींच करीत नाहीं. तिचीं अंडीं जड आणि चिकट असतात. तीं तरंगत नाहींत. तळाशीं जाऊन बसतात आणि तेथेंच चिकटून राहतात. म्हणजे ज्या पोंवळ्यांच्या अंगणांत आईबाप वावरले त्याच अंगणाच्या भुईवर पुढची पिढी रुजत घातली जाते. अंड्यांतून निघणारें पिलूं कांचेच्या धाग्यासारखें लांब, बारीक व पारदर्शक असतें. त्याचे नुसते डोळे तेवढे काळे दिसतात. सार्डिनच्या गोत्रांत जन्म घेऊन समुद्राचा एवढा मोठा विस्तार सोडून अशा रीतीनें घराच्या भुईस धरून राहणें ही असाधारण गोष्ट आहे. त्यांत लाभ आहे आणि धोकाही आहे. दोन्हींचा विचार पुढें येईलच.

त्याआधीं तिच्या वयाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती कळण्यास माणसाला फार वेळ लागला. झाडाचें वय खोडांतील वलयांवरून कळतें हें शाळेंतील मुलांस माहीत असतें. थंड देशांतील माशांच्या खवल्यांवर व कानांतील खड्यांवर तशींच वर्षांचीं वलयें उमटतात, हें शास्त्रज्ञांस फार पूर्वींपासून ठाऊक होतें. पण उष्ण समुद्रांत हिंवाळा कसला आणि उन्हाळा कसला ! पाणी बारा महिने सारखेंच कोमट. वर्षाचें वलय उमटावयाचें कशानें? त्यामुळें आपल्याकडील लहान माशांचीं वयें बहुतांशीं अंदाजानेंच सांगितलीं जात.

१९७१ सालीं पानेला नांवाच्या संशोधकानें एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. माशाच्या कानांत चुन्याचे खडे असतात. त्यांवर वर्षाचेंच नव्हे, तर रोजचें वलय उमटतें. मासा दिवसभर जगला कीं रात्रीपर्यंत खड्यावर चुन्याचा एक अतिसूक्ष्म थर चढतो. दुसऱ्या दिवशीं दुसरा. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणें थरावर थर बसत जातात. होंदेलीचा हा खडा खसखशीच्या दाण्याएवढा. तो काढावयाचा, दोन्ही बाजूंनीं घांसून कांचेवर पातळ करावयाचा, सूक्ष्मदर्शकाखालीं धरावयाचा आणि मधल्या ठिपक्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत वलयें मोजावयाचीं. जेवढीं वलयें तेवढे दिवस. ज्या चुन्यानें पोंवळें आपलें घर बांधतें त्याच चुन्यांत होंदेलीची जन्मपत्रिका लिहिलेली असते.

पॅसिफिकमधील बेटांवर आणि मालदीवांत संशोधकांनीं होंदेली व रेही यांचे असे खडे मोजले तेव्हां जें निघालें तें पाहून जुने अंदाज टाकून द्यावे लागले. या मासळीचें सारें आयुष्य चार-पांच महिन्यांचें !

चार महिने म्हणजे किती, हें परभणीकडील वाचकांस निराळें समजावून सांगावयास नको. दसऱ्याच्या सुमारास काळ्या रानांत शाळू पेरावा, पौषांत त्याचा हुरडा खावा आणि माघ-फाल्गुनांत कणसें खुडून खळ्यावर आणावीं, एवढाच हा काळ. ज्वारी निसवण्याच्या सुमारास होंदेली वयांत येऊन अंडीं घालूं लागते. एकदां घालून थांबत नाहीं, थोड्या थोड्या दिवसांनीं पुनः पुनः घालते. आणि ज्वारीची मळणी होण्याच्या आंत तिचें सारें आटोपलेलें असतें. फरक एवढाच कीं, ज्वारीला हंगाम आहे, होंदेलीला नाहीं. कधीं कमी, कधीं अधिक, पण बारा महिने तिची पेरणी चालूच असते. एकाच अंगणांत एकाच वेळीं कोणी अंकुर, कोणी पोटरींत, कोणी हुरड्याला आणि कोणी कापणीला, अशीं पिकें एकांत एक गुंतलेलीं असतात.

आणि या पिकाला कापणी करणारा माणूसही आहे. मिनिकॉयच्या लोकांस होंदेली स्वतः खावयाची नसते. त्यांस हवा असतो बाहेरच्या खोल पाण्यांतील ट्यूना मासा. आमच्या कोंकणांतील गेदराचा हा मोठा भाऊबंद. तो भिंतीच्या आंत येत नाहीं. त्याला पकडण्याची त्यांची पद्धत अशी : सकाळीं अंगणांत बारीक वीणीचें जाळें पसरून होंदेलीचा थवा अलगद उचलून घ्यावयाचा. ही 'नाजुकशी' हातानें धरतां येत नाहीं, म्हणून तिला पाण्यासकटच होडींत घेतात. होडीच्या पोटांत खास हौद केलेले असतात; त्यांच्या तळाशीं भोंकें असून त्यांतून समुद्राचें ताजें पाणी आंत येत राहतें. असे जिवंत मासे घेऊन होडी भिंत ओलांडून बाहेर पडते. वर समुद्रपक्षी घिरट्या घालीत असले कीं खालीं ट्यूनांचा थवा आहे असें समजावें. मग एक जण मुठीनें होंदेल्या पाण्यांत उधळूं लागतो. त्याच वेळीं होडीच्या कडेनें पाण्याचे तुषार उडविले जातात. ट्यूनांस वाटतें कीं लहान माशांची प्रचंड झुंड वर उसळत आहे. भुकेचा वेडेपणा एकदां चढला म्हणजे त्यांस आमिष कोणतें आणि नुसता चमकणारा गळ कोणता हें कळेनासें होतें. गळास उलट कांटा नसतो. काठी वर झटकली कीं ट्यूना हवेंतून भिरकावला जाऊन होडींत पडतो व आपोआप सुटतो. गळ पुनः पाण्यांत. भर थवा सांपडला तर सारा मामला कांहीं मिनिटांतच आटोपतो.

पकडलेला ट्यूना खारट पाण्यांत उकडून, धुरी देऊन, उन्हांत लांकडासारखा कडक होईतों वाळवितात. त्याला तेथें 'मास' म्हणतात. मिनिकॉयची महल भाषा ही मालदीवांतील भाषेची शाखा, आणि ती भाषा आपल्या मराठीप्रमाणेंच आर्यकुळांतली. संस्कृत मत्स्यापासून आपला 'मासा' झाला, तसा त्यांचा 'मास'. बाराशें किलोमीटरांवर, मध्यें द्राविडी भाषांचा सारा दक्षिण देश टाकून, हा शब्द असा भेटतो तेव्हां मौज वाटते. चौदाव्या शतकांत मालदीवांत कांहीं काळ काजीपद भूषविणाऱ्या इब्न बतूतानेंही या वाळविलेल्या माशाचा आणि त्याच्या व्यापाराचा उल्लेख केलेला आहे. म्हणजे धंदा जुना आहे.

समुद्रांतल्या इतर पद्धतींशीं ताडून पाहिलें तर ही पद्धत फार निर्मळ म्हणावी लागेल. मैल मैल लांबीच्या जाळ्यांत नको ते जीव, कांसवें आणि पिलें गुदमरून मरतात. येथें एका गळास एक ट्यूना, दुसरें कांहीं नाहीं. म्हणूनच आज जगभर या रीतीनें धरलेल्या ट्यूनाचा बोलबाला आहे. परंतु बाजारांत ट्यूनाची किंमत करतांना त्याच्यापायीं किती होंदेली खर्ची पडली याचा हिशोब कोणी मांडीत नाहीं. होडी कितीही चांगली असो, काठी कितीही लांब असो, हौदांत होंदेली नसेल तर होडी किनाऱ्यावर बसून राहते. १९६० नंतर इंजिनाच्या होड्या आल्या, मिनिकॉयची ही विद्या अगत्ती आदि उत्तरेच्या बेटांवरही पसरली, आणि आमिषाची टंचाई हा शब्द ऐकूं येऊं लागला.

मग होंदेली संपेल काय ? येथें तिच्या आयुष्याचा हिशोब कामास येतो; म्हणूनच आम्हीं त्या खड्याच्या वलयांवर एवढा वेळ घालविला.

एखाद्या माशाची वाढ होण्यास पांच-सहा वर्षें लागत असतील तर आज अतोनात मारलेल्याची भरपाई होण्यास तितकींच वर्षें लागणार. तें झाड तोडण्यासारखें आहे. होंदेली हें पीक आहे. आज अंगण रिकामें झालें तरी तळाशीं चिकटलेलीं अंडीं आणि थोडे आईबाप शिल्लक असतील तर चार महिन्यांनीं तें पुनः भरतें. मिनिकॉयला पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असतो आणि काठीची मासेमारी बहुतेक बंदच राहते. माणसाच्या दृष्टीनें ती बेकारी; पण तेवढ्या अवधींत होंदेलीची एक अख्खी पिढी जाळें न पाहतां जन्मते, वाढते, अंडीं घालते आणि संपते. इतकीं शतकें हा व्यवहार टिकला त्यांत माणसाच्या शहाणपणाइतकाच मान्सूनच्या वाऱ्याचाही वांटा असावा असें आम्हांस वाटतें.

पण हिशोबाची दुसरीही बाजू आहे. शेतकरी ज्वारी खळ्यावर आली कीं पुढल्या पेरणीचें बियाणें आधीं पेवांत घालतो. होंदेलीचें बियाणें त्याच अंगणाच्या तळाशीं असतें. तारली दुसऱ्या किनाऱ्यावरून वाहत येऊं शकते. होंदेलीच्या अंगणांत शेजारच्या बेटावरून पुष्कळशी भर पडेल हा भरंवसा धरतां येत नाहीं, कारण तिचीं अंडीं प्रवासास निघतच नाहींत. चांगल्या हंगामांत रोज सकाळीं त्याच त्या अंगणांत जाळें पडलें, आणि दोन महिने लागोपाठ वयांत येणारी मासळी उचलली गेली, तर तिच्या लेखीं अर्धा जन्म लुटला गेला. वर्षाच्या शेवटीं बेरीज घेणाऱ्या कचेरीला मात्र त्यांत विशेष कांहीं झालें असें वाटणार नाहीं. आमच्या मतें दोष येथें आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची मासेमारीबंदी आहे. पावसाच्या तोंडीं अंडीं घालणाऱ्या तारलीस तिचा उपयोग उघड आहे. जी बारा महिने अंडीं घालते तिच्यासाठीं असा एक ठराविक हंगाम पुरेसा नाहीं. तिची मोजदाद महिन्याच्या महिन्यास, अंगणागणिक, झाली पाहिजे. सार्डिन म्हटली कीं सारी सार्डिन एकच, ही समजूत कायदा करणारांस सोयीची असली तरी माशांस ती ठाऊक नाहीं.

भटक्या तारलीच्या बाबतींत तरी कायद्याला काय साधलें ? तिची आवक घटली म्हणून मद्रास सरकारनें १९४३ सालीं लहान तारल्या धरण्यावर निर्बंध घातले. ते अंमलांत आणणें कठीण, म्हणून कांहीं वर्षांनीं सोडून द्यावे लागले. पुढें तारली आपोआप परत आली. केरळांत २०१२ सालीं तिची आवक चार लाख टनांच्या घरांत गेली होती, आणि २०२१ सालीं ती अवघी सुमारें ३,३०० टनांवर उतरली. १९४७ सालीं स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था या चढउताराचीं कारणें वर्षानुवर्षें शोधीत आहे. समुद्राची उष्णता, पावसाचें मान, प्लवकांची समृद्धि, पिलांची अतोनात मासेमारी अशीं अनेक सूत्रें एकमेकांत गुंतलेलीं आहेत. तारली विस्तीर्ण समुद्राची मासळी, म्हणून तिची रुसण्याची आणि परतण्याची तऱ्हाही तशीच विस्तीर्ण.

होंदेलीला रुसून जावयास जागा नाहीं. तिचें सारें जग त्या भिंतीच्या आंत. आणि भिंतच आजारी पडली आहे. पाणी नेहमींपेक्षां अंश-दीड अंशानें अधिक तापून तसेंच कांहीं आठवडे राहिलें कीं पोंवळ्यांच्या अंगांतील ज्या सूक्ष्म शैवालामुळें त्यांस रंग व अन्न मिळतें तें निघून जातें, आणि पोंवळीं पांढरीं फटक पडतात. १९९८ सालीं लक्षद्वीपांत असें झालें तेव्हां अंगणांतील बहुतेक पोंवळीं मेलीं. सांवरतात न सांवरतात तों २०१० सालीं, पुनः २०१६ सालीं, आणि पुनः २०२४ सालीं तोच प्रसंग आला. मेलेलें पोंवळें लगेच नाहींसें होत नाहीं. त्याचा सांगाडा कांहीं वर्षें उभा राहतो, त्यामुळें वरवर पाहणारास सारें जागच्या जागीं वाटतें. पण भिंतीला रोज लाटा खातात आणि रोज जिवंत पोंवळीं ती डागडुजी करतात, असा तो सौदा आहे. गवंडी मेला आणि पाऊस तसाच राहिला, तर घराचें जें होईल तेंच होणार. भिंत खचली कीं बाहेरचा समुद्र आंत शिरणार. आणि ज्या शांत भुईवर अंडीं चिकटावयाचीं ती भुई शांत राहणार नाहीं.

चार महिन्यांच्या आयुष्याचा येथें मात्र कांहीं उपयोग नाहीं. पीक बुडालें तर पुढल्या हंगामीं घेतां येतें. रानच वाहून गेलें तर पेरावयाचें कोठें? पोंवळ्यांची भिंत पिकाच्या मापानें वाढत नाहीं. तिच्या वाढीचें माप वडपिंपळाचें, किंबहुना त्याहूनही संथ. दोन निरनिराळ्या घड्याळांवर चालणारे हे जीव एकमेकांस धरून आहेत. मिनिकॉयच्या होडीवरील माणूस तिसऱ्याच घड्याळावर चालतो. त्याला आज संध्याकाळची चूल पेटवावयाची असते, आणि त्यासाठीं त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

पत्रलेखिका भगिनींनीं आणखी एक पृच्छा केली आहे : पोंवळ्यांच्या अशा भिंती आपल्या महाराष्ट्राच्या समुद्रांत आहेत कीं नाहींत ? आहेत. मालवणच्या किनाऱ्यालगत थोड्या आहेत; तेथील एकोणतीस चौरस किलोमीटरांचें सागरी अभयारण्य १९८७ सालीं घोषित झालें. याहून कितीतरी मोठी भिंत विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरांवर, पाण्याखालीं वीस मीटरांहून खोल बुडालेली आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नांवावरून तिला आंग्रिया बँक म्हणतात. पाण्याच्या वर तिचा कण देखील येत नसल्यानें तेथें ना बेट, ना अंगण. तिच्याविषयीं पुढील अंकीं.